मातीचा नमुना कसा घ्यावा: अर्धा किलोत अख्खं वावर

एका एकरातला वरचा वीतभर थर तोलला तर दहा लाख किलोच्या आसपास भरेल. त्यातली अर्धा किलो माती आपण प्रयोगशाळेत देतो आणि तिथे प्रत्येक चाचणीला त्यातलीही काही ग्रॅमच वापरतात. नमुना चुकला की अहवाल दुसऱ्याच कुणाच्या शेताचा वाटावा असा येतो. माझा पहिला नमुना बांधालगतचा होता, जुन्या उकिरड्याच्या जागेचा. स्फुरद (फॉस्फरस) ‘भरपूर’ आलं, मी खत कमी केलं आणि वावरातला हरभरा खुरटला.

वेळ निवडा रब्बी निघाल्यानंतरची, खत टाकण्याआधीची. नुकतंच खत दिलं असेल तर दोन-तीन महिने थांबा.

मग शेतातून एक फेरी मारा. काळी भारी एकीकडे, मुरमाड हलकी दुसरीकडे, पाणी साचून पांढरं फुटलेला तुकडा तिसरीकडे. या तिन्हींचे नमुने वेगळेच. एकत्र कालवून सरासरी काढली तर ती कुठल्याच तुकड्याला लागू पडत नाही.

प्रत्येक भागात नागमोडी चालत 10 ते 15 जागा निवडा. बांध, विहिरीचा काठ, झाडाखालची सावली, जनावरं बांधायची जागा टाळा. काळ्या रानात उन्हाळ्यातल्या भेगाही टाळा, कारण वरची माती त्यांतून खाली गेलेली असते. काडीकचरा बाजूला सारून कुदळीने इंग्रजी ‘व्ही’सारखा 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. आतली सुटी माती काढून टाका आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडा. जस्त, लोह तपासायचं असेल तर खरवडायला लाकडी पट्टी आणि गोळा करायला प्लास्टिकचं घमेलं घ्या, कारण गंजक्या लोखंडाचा अंश मातीत उतरतो.

सगळी माती स्वच्छ कापडावर ओता, ढेकळं फोडा, खडे वेचा, नीट कालवा. ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेली पुन्हा कालवून तेच करा, अर्धा किलो उरेपर्यंत. ओल असेल तर सावलीत वाळवा. रिकाम्या युरियाच्या गोणीत मात्र भरू नका. हे सांगावं लागतं, कारण घरात हाताशी तीच असते. कापडी पिशवीत चिठ्ठी टाका: गट क्रमांक, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय.

फळबाग लावायची असेल तर हा नमुना पुरत नाही. तीन फूट खोल खड्डा घेऊन एकेका फुटाच्या थराचा वेगळा नमुना द्या. वरचा फूटभर चांगला आणि खाली चुनखडीचा थर, असं आपल्याकडे बऱ्याचदा निघतं. संत्र्याची नवी पानं पिवळी पडायला लागली की मगच ते कळतं.

अहवालात आधी तीन आकडे पाहा. सामू, म्हणजे पीएच, 8.5 च्या वर असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत चालल्याची शंका घ्या. क्षारता, म्हणजे विद्युत वाहकता, 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, 0.5 टक्क्याखाली असेल तर शेणखत, हिरवळीचं खत यांचा विचार आधी, पोत्यांचा नंतर. चोपण जमिनीला जिप्सम देतात; चुनखडीयुक्त असेल तर गंधकाबद्दल विचारा. आणि दोन्हींआधी चर काढा, कारण निचरा नसेल तर सुटलेले क्षार जाणार कुठे?