घरच्या घरी लॅटिन: या चुका टाळा

पहिले चार महिने मी लॅटिन शिकत नव्हतो, लॅटिनच्या निमित्ताने इंग्रजी व्याकरण शिकत होतो. हे कळलं एका साध्या वाक्यावरून: 'मिहि दुओ फीलिई सुन्त्'. पुस्तकात खाली इंग्रजी अर्थ आणि त्याखाली पाऊण पान स्पष्टीकरण. इथे 'असणे' या क्रियापदाने मालकी दाखवली आहे, मालक चतुर्थीत गेला आहे, ज्याची मालकी तो कर्ता झाला आहे, विद्यार्थ्याने गोंधळू नये, वगैरे. मी ते तीनदा वाचलं, वहीत उतरवलं आणि गोंधळलो. मग शब्दाखाली मराठी शब्द ठेवून पाहिला. मला दोन मुलगे आहेत. संपलं!

आपल्या हाती येणारी लॅटिनची बहुतेक पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांना जे अवघड, ते आपल्याला बऱ्याचदा सोपं असतं. आणि आपण जिथे हमखास पडतो, तिथे ती पुस्तकं एक ओळसुद्धा खर्च करत नाहीत.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागडी: इंग्रजीतून अर्थ लावणे

लॅटिन वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. इंग्रजी पुस्तक सांगतं, आधी शेवटी जाऊन क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा, मग बाकीचं जुळवा. म्हणजे वाक्य वाचायचं नाही, सोडवायचं. आपल्याला याची गरज काय? आपण जन्मभर क्रियापदाची वाट बघतच बोलतोय. डावीकडून उजवीकडे वाचा, प्रत्यय ऐका, शेवटपर्यंत थांबा.

'मार्कुस् फ्रात्रेम् सुउम् विदेत्' म्हणजे मार्कुस आपल्या भावाला पाहतो. 'सुउम्'च्या जागी 'एय्युस्' आलं तर तो त्याच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या भावाला पाहतो. हा फरक इंग्रजी विद्यार्थ्याच्या डोक्यात बसता बसत नाही, कारण त्याच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे. आपल्याकडे 'आपला' आणि 'त्याचा' आहेत. तसंच 'मिहि प्लकेत्': मला आवडतं. 'उर्बे कप्ता' या दोन शब्दांवर तर इंग्रजी पुस्तकात अख्खा धडा असतो आणि अर्थ म्हणून एक लांबलचक, कुणीही कधी न बोललेलं वाक्य. मराठीत ते 'शहर घेतल्यावर' एवढंच. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर सति सप्तमी आठवा. रचना तीच, फक्त विभक्ती वेगळी.

पण मराठी दोन ठिकाणी दगा देते. पहिलं ठिकाण भूतकाळाचं. 'मुलाने पत्र लिहिलं' म्हणायची सवय असल्याने हात आपोआप कर्त्याला तृतीयेसारखं रूप लावायला जातो. लॅटिनमध्ये कर्ता भूतकाळातही प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याशीच जुळतं, कर्माशी नाही. दुसरं ठिकाण 'बागेत'. मुलगा बागेत बसला, मुलगा बागेत गेला. आपल्याला दोन्हीकडे एकच रूप चालतं. लॅटिनमध्ये आत बसला असेल तर 'इन् होर्तो', आत जात असेल तर 'इन् होर्तुम्'. ही चूक मी वर्षभर केली, आणि अजूनही घाईत लिहिताना होते.

संस्कृतवर डोळे मिटून विसंबणे

संस्कृत आलेल्याला लॅटिनच्या विभक्त्या बघून हायसं वाटतं. सहाच आहेत, द्विवचन नाही, नामांचे पाच गण, क्रियापदांचे चार. खरी अडचण सहावीत आहे. इंग्रजीत तिला अब्लेटिव्ह म्हणतात, आणि अनेकजण वहीत तिच्यापुढे 'पंचमी' लिहून मोकळे होतात. ती नुसती पंचमी नाही. संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं काम लॅटिनमध्ये बहुतांशी ही एकटी करते. 'ग्लदिओ' म्हणजे तलवारीने, 'रोमा' म्हणजे रोमहून, 'एओ तेम्पोरे' म्हणजे त्या वेळी. वाक्यात हे रूप दिसलं की 'ने, हून, त' असे तीन प्रश्न विचारायचे, पटेल तो घ्यायचा.

याच संदर्भात आणखी एक चूक, छोटी पण त्रासदायक. दोन पुस्तकं एकदम वापरू नका, निदान पाठांतरासाठी तरी नको. ब्रिटिश पुस्तकांत विभक्त्यांचा क्रम प्रथमा, संबोधन, द्वितीया असा सुरू होतो. अमेरिकन पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी, मग चतुर्थी, मग द्वितीया. एका तालात पाठ केलेलं दुसऱ्या तालात म्हणायला गेलं की दोन्ही विसरतं. कुठला क्रम चांगला यावर वाद घालणारे भेटतील. घालू द्या.

देवनागरीत लिहून काढणे

सुरुवातीला सगळेच लिहितात, मीही लिहिलं, आणि या लेखातही नाइलाजाने लिहितोय. 'मलुम्' म्हणजे वाईट, 'मालुम्' म्हणजे सफरचंद. 'लिबेर्' म्हणजे पुस्तक, 'लीबेर्' म्हणजे स्वतंत्र. हा फरक रोमन लिपीत डोक्यावरच्या आडव्या रेघेने दाखवतात. देवनागरीत तो आपसूक दिसतो, म्हणून मोह होतो. पण आपल्या ए आणि ओला ऱ्हस्व-दीर्घ नाही, लॅटिनच्या आहेत. 'वेनित्' ऱ्हस्व ए-ने म्हटलं तर 'तो येतो', दीर्घ ए-ने म्हटलं तर 'तो आला'. देवनागरीत दोन्ही हुबेहूब सारखे.

त्याहून वाईट म्हणजे शेवटचा अ. गुलाबाला 'रोस' म्हणतात, शेवटचा अ ऱ्हस्व पण पूर्ण उच्चारायचा. मराठी डोळा तो गिळून 'रोस्' वाचतो. म्हणून आपण समजूतदारपणे 'रोसा' लिहितो, आणि तिथेच फसतो, कारण 'रोसा' हे वर सांगितलेल्या सहाव्या विभक्तीचं रूप आहे. कर्ता आणि करण एकाच काना-मात्रेत हरवतात. तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांनंतर रोमन लिपीतच लिहा, आणि प्रत्येक दीर्घ स्वरावर रेघ द्या. मूळ रोमन लोक ही रेघ देत नव्हते हे खरं. पण ते घरी लॅटिन ऐकत होते.

उच्चाराबद्दल दोन गोष्टी. इंग्रजीच्या सवयीने आपण प्रत्येक टी 'ट' वाचतो. लॅटिनचा तो 'त' आहे: 'एत्', 'एट' नव्हे. सी कायम 'क'. म्हणून सीझर 'कैसर्' होतो आणि सिसेरो 'किकेरो', हसू आलं तरी. हा झाला अभिजात उच्चार. चर्चचा उच्चार इटालियन वळणाचा, तिथे आकाशाचं 'कैलुम्' 'चेलुम्' होतं. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत गोव्यातला मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) लॅटिनमध्येच होई, त्यामुळे घरात एखाद्या आजीला प्रार्थना पाठ असेल तर ती तुमचा 'क' ऐकून नक्की टोकेल. दोन्ही बरोबर आहेत. एक निवडा आणि बदलू नका.

आघात कुठे द्यायचा हे कळत नसेल तर वृत्तांचे लघु-गुरू उपयोगी पडतात. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. 'अमीकुस्'मध्ये मी वर, 'दोमिनुस्'मध्ये दो वर.

शब्द अर्धवट पाठ करणे

शब्दकोशात 'रेक्स्' म्हणजे राजा यापुढे 'रेगिस्' लिहिलेलं असतं. ही षष्ठी. ती सोडून दिली तर पुढची सगळी रूपं हवेत राहतात, कारण ती 'रेग'वरून होतात, 'रेक्स्'वरून नाही. प्रवासाला 'इतेर्' म्हणतात, त्याची षष्ठी 'इतिनेरिस्'. हे अंदाजाने कुणाला येणार? लिंगही सोबत पाठ करा. 'उस्'ने संपलं की पुल्लिंग असा समज पहिल्या आठवड्यात होतो. पण 'मनुस्' (हात) स्त्रीलिंगी, 'कोर्पुस्' (शरीर) नपुंसक आणि 'अग्रिकोल' (शेतकरी) मुलीच्या नावासारखा दिसूनही पुल्लिंगी. क्रियापदाची चार रूपं एकत्र पाठ करा: फेरो, फेर्रे, तुली, लातुम्. वाहून नेणे. चारही एकाच क्रियापदाची आहेत यावर विश्वास बसत नाही, पण 'जातो' आणि 'गेला' आपण कुठे समजावून घेतले होते?

ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द जपून वापरा. 'ओफ्फिकिउम्' ऑफिस नाही, कर्तव्य. 'इन्वीतुस्' आमंत्रित नाही, उलट मनाविरुद्ध आलेला. संस्कृतची ओळख मात्र अधिक भरवशाची: इग्निस् अग्नि, देन्स् दन्त, विर् वीर, सेप्तेम् सप्त, एस्त् अस्ति.

दुसऱ्या महिन्यात सीझर उघडणे

इतिहासात वाचलेला असतो, म्हणून त्याने स्वतः लिहिलेलं पुस्तक उघडतो. भाषा स्वच्छ आहे, पण दुसऱ्याचं बोलणं सांगताना तो पानभर अप्रत्यक्ष कथन लावतो आणि कर्ता द्वितीयेत जाऊन बसतो. नवखा तिथे पुस्तक मिटतो, परत उघडत नाही. आधी सोप्या गोष्टी भरपूर वाचा, मग बायबलचा लॅटिन अनुवाद. जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने त्याचं काम इ.स. 382 मध्ये हाती घेतलं. वाक्यं छोटी आहेत, 'आणि'ने जोडलेली, आणि कथा बहुधा माहीत असते.

अडलात तर मशीनला अख्खं वाक्य देऊ नका. शब्दाचं एकेक रूप विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात टाका, विभक्ती कुठली ते पेन्सिलने वर लिहा, वाक्य मोठ्याने वाचा. तरीही अर्थ लागला नाही तर त्याच वाक्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी या. माझी निम्मी अडलेली वाक्यं अशीच सुटली. उरलेल्या निम्म्यांत मी 'इन्'च्या पुढचं रूप चुकीचं वाचलं होतं.