लोकलमध्ये एका अंगठ्याने मराठी टायपिंग: जीबोर्ड असा सुधारला

एक हात कडीला, दुसऱ्याच्या अंगठ्याने मेसेज. 'चिंचपोकळी' लिहायला जावं तर भलतंच उमटायचं. जीबोर्ड हा गुगलचा कीबोर्ड. तो दोन अंदाजांचा मेळ घालतो: स्पर्श कोणत्या कळीजवळ पडला आणि आधीच्या मजकुरावरून कोणता शब्द संभवतो. अंगठा तिरका पडला की पहिला अंदाज ढळतो. मग भिस्त दुसऱ्यावर, आणि तिथे आपणच पूर्वी टाइप केलेले चुकीचे शब्द साठलेले असतात.

म्हणून आधी ती साफसफाई. कळांच्या वर शब्द सुचवणाऱ्या पट्टीत चुकीचा शब्द दिसला की दाबून धरायचा आणि कचरापेटीच्या चिन्हावर ओढायचा. शिकलेलं सगळं एकदम पुसायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण त्यात चांगले शब्दही जातात. मी ती टाळली.

नंतर सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, मग मराठी असं जाऊन तिथे भायखळा, चिंचपोकळी, नातेवाइकांची आडनावं घातली. शॉर्टकटच्या रकान्यात 'सीएसटी' लिहून पुढे 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' ठेवलं. हे फार उपयोगी.

एकहाती मोडमध्ये कळा अंगठ्याजवळ येतात, पण अरुंद होतात. त्यामुळे कीबोर्डची उंचीही वाढवावी लागते, नाहीतर चुका उलट वाढतात. देवनागरी मांडणीत कळा जास्त, म्हणून त्या लहान. गर्दीत मी रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी मांडणी घेतो. तिथे ऱ्हस्व-दीर्घ मात्र पट्टीतून निवडावं लागतं. ती निवड दरवेळी नीट करा, कीबोर्ड त्यातूनच शिकतो.