लॉनवर डाग पडलेत? आधी या चुका थांबवा

पावसाळा लागला की मला फोन सुरू होतात. "लॉन पिवळं पडलंय, काय मारू?" फोटो नाही, माहिती नाही, थेट औषधाचं नाव हवं.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे पिवळं दिसलं की युरिया. पुण्यातल्या एका सोसायटीत ऑगस्टमध्ये मेक्सिकन लॉनवर ताटाएवढे तीन तपकिरी डाग पडले होते. पावसाने उघडीप दिलेली. सेक्रेटरीकाका म्हणाले, "युरिया टाकलाय, रोज संध्याकाळी पाणीही देतोय. येईल हिरवं." पाच दिवसांनी गेलो, तर डाग परातीएवढे होऊन एकमेकांत मिसळलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकांना लॉनवर गुडघे टेकायला लावले. डागाच्या कडेला दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. पातं ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाशी कुजलेलं. ही रायझोक्टोनिया बुरशी. युरियाने पातं कोवळं, लुसलुशीत होतं आणि संध्याकाळच्या पाण्याने रात्रभर ओलं राहतं. बुरशीला आणखी काय हवं? खत बंद केलं, पाणी सकाळी आठच्या आत, आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा. दसऱ्यापर्यंत डाग भरले. काका अजूनही म्हणतात, युरियाच उशिरा लागू पडला.

गंमत म्हणजे नाण्याएवढे फिकट, गवताच्या काडीच्या रंगाचे ठिपके असतील (डॉलर स्पॉट), किंवा चालल्यावर बुटांना नारिंगी पूड लागत असेल (तांबेरा), तर बरेचदा गवत उपाशी असतं. तिथे थोडं नत्र (युरियात असतं तेच) दिलं की फरक पडतो. म्हणून म्हणतो, आधी बघा.

दिसेल त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारणं ही दुसरी खोड. पाणी साचतं तिथे एका रात्रीत तेलकट, काळपट पट्टे पसरले तर बहुधा पिथियम हा बुरशीसारखा रोग असतो. त्याला कार्बेन्डाझिमचा काही उपयोग नाही. मेटॅलॅक्सिल हे वेगळं औषध लागतं, आणि त्याआधी पाण्याचा निचरा. आणि गवत गोधडीसारखं उचललं गेलं तर ती बुरशीच नव्हे, खाली हुमणी (मातीतली पांढरी अळी) मुळं खात असते. मधे करपलेलं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर शेजाऱ्यांच्या कुत्र्याची चौकशी करा.

छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, उपटून टाका. खाली कुठेतरी लाकूड किंवा कच्चं शेणखत कुजत असतं.

ओल्या गवतावर मशीन फिरवू नका. डागाची बाजू शेवटी कापा, ते गवत उचलून बाहेर टाका आणि मशीनचं पातं धुऊन पुसा. माळी कंटाळा करतात म्हणून मी स्वतः उभा राहतो.

आणि फवारल्यावर दुसऱ्याच दिवशी "अजून हिरवं नाही झालं" असा फोन करू नका. मेलेलं पातं हिरवं होत नसतं, नवीन यावं लागतं.