आठ कोअर असूनही आवाज तुटतो? मिक्सिंगमधल्या या चुका टाळा

श्रावण लागला की फोंड्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत आरतीमंडळांची ये-जा सुरू होते. चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, घुमट आरत्या रेकॉर्ड करून हव्या असतात. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य. यंदा एक मुलगा घरीच मिक्स करायला घेतलेलं काम लॅपटॉपसकट घेऊन आला. आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), सोळा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), मशीन नवं. पण दुसरं कडवं आलं की तडतड सुरू. "दादा, टास्क मॅनेजर बघा. वीस टक्केसुद्धा भरत नाही. मग आवाज का तुटतो?"

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर नीट लिहूनच काढतो.

टास्क मॅनेजरवर विसंबणे

टास्क मॅनेजर सगळ्या थ्रेडची सरासरी दाखवतो. सोळापैकी एक थ्रेड पूर्ण भरला, तरी तिथे ६.२५ टक्केच दिसतात. शिवाय तो हिशेब सेकंदांचा, आणि ऑडिओचा मिलिसेकंदांचा. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना, १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार करायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाजाचा पुढचा तुकडा तयार झाला नाही, तर तडतड होणारच.

म्हणून रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचा (डीएडब्ल्यूचा) स्वतःचा मीटर बघा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडला की आरटी सीपीयू हा आकडा दिसतो, तोच कामाचा. एबल्टन लाइव्हचा मीटरही ऑडिओला मिळालेल्या वेळापैकी किती वेळ खर्च झाला तेच सांगतो.

सगळा भार मास्टरवर टाकणे

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. त्या मुलाच्या कामात सहा घुमटं होती. प्रत्येकाला कातड्याच्या बाजूने एक आणि मागच्या लहान तोंडाकडे एक, असे दोन माइक. म्हणजे घुमटांचेच बारा ट्रॅक. त्यात शामेळ (ढोलासारखं वाद्य), कांसाळे (झांजा) आणि कोरस. हे सगळं एका बसमध्ये, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या वाटेत, जात होतं. बसवर तीन जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम): लिनिअर फेज ईक्यू, आठपट ओव्हरसॅम्पलिंगवर ठेवलेला टेपसारखा आवाज देणारा प्लगइन आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (आवाज घुमवणारा). पुढे मास्टरवर, म्हणजे सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या ट्रॅकवर, आणखी एक ईक्यू, मल्टिबँड कंप्रेसर आणि लिमिटर.

एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागून एकच चालतात. ईक्यूचं काम संपल्याशिवाय कंप्रेसरला हाती काही मिळत नाही, त्यामुळे ती अख्खी साखळी साधारणपणे एकाच कोअरवर राहते. वेगवेगळे ट्रॅक मात्र वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. पण बसला सगळ्या ट्रॅकची वाट बघावी लागते आणि मास्टरला बसची. चवथीला नेवऱ्या (करंज्या) भरायला दहा हात असले आणि तळायला कढई एकच असली, तर वेळ कढईच ठरवते.

आकडे मांडून बघा. समजा, ट्रॅक एकत्र चालले आणि त्यातल्या सगळ्यात जड ट्रॅकला १ मिलिसेकंद लागला, बसला १.२ लागले आणि मास्टरला १. बेरीज ३.२, आणि हातात २.९. इथे बत्तीस कोअरचं मशीन आणलं तरी फरक पडणार नाही. एकेका कोअरचा वेग जास्त असला, किंवा ही साखळी आखूड झाली, तरच सुटका.

मी आधी मास्टरवरचं सगळं काढलं. तडतड ऐंशी टक्के तिथेच गेली. मग टेपचं ओव्हरसॅम्पलिंग बंद केलं. आठपट म्हणजे ४४.१ चे ३५२.८ किलोहर्ट्झ, आणि काम जवळपास तितक्याच पटीने वाढतं. फायनल रेंडरच्या वेळी ते पुन्हा चालू केलं की झालं, तिथे घड्याळाची घाई नसते. रिव्हर्ब सेंडवर (वेगळ्या समांतर ट्रॅकवर) नेला, म्हणजे तो बसच्या रांगेतून बाहेर पडला. शेवटी घुमटांचे ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे प्रक्रिया झालेला आवाज तयार करून ठेवला. नुसतं बायपास करून थांबू नका. काही प्लगइन स्वतःच्या बायपास बटनावरही आत काम करतच राहतात.

साइडचेनचंही हेच. गायकाचा आवाज आला की हार्मोनियम दबावी म्हणून साइडचेन लावला, तर हार्मोनियमच्या कंप्रेसरला गायकाच्या ट्रॅकची वाट बघावी लागते. दोन ट्रॅक समांतर चालायचे, ते एका रांगेत येतात. गरज असेल तिथे जरूर लावा, पण त्याची किंमत ठाऊक असू द्या.

रेकॉर्ड बटन चालूच ठेवणे

रीपर आणि क्यूबेस वाजत असलेल्या ट्रॅकचं काम थोडं आधीच करून ठेवतात. रीपरमध्ये त्याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात, क्यूबेसमध्ये एएसआयओ-गार्ड. ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी सज्ज) करून मॉनिटरिंग (येणारा आवाज लगेच ऐकणं) चालू ठेवलंत की तो या सवलतीतून बाहेर पडतो, आणि त्याचं सगळं त्या २.९ मिलिसेकंदांतच उरकावं लागतं. गाऊन झालं की आर्म काढा. रेकॉर्डिंगला बफर १२८, मिक्सला ५१२ किंवा १०२४.

दोघांनी काम वाटणे

काँटॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) मल्टिप्रोसेसर सपोर्टचा पर्याय असतो. डीएडब्ल्यूच्या आत तो आधी बंद ठेवून बघा. सॉफ्टवेअर एकीकडे थ्रेड वाटतंय, प्लगइन दुसरीकडे, आणि वेळ त्या ओढाताणीतच जातो. याला अपवाद आहेत. यू-हीच्या डिव्हा सिंथमध्ये मल्टिकोअरचं बटन आहे. एकच जड आवाज एक कोअर भरून टाकत असेल तर ते उपयोगी पडतं. आणि तबला, हार्मोनियम, बासरी असं सगळं एकाच सॅम्पलरच्या एका इन्स्टन्समध्ये (उघडलेल्या प्रतीत) भरू नका. वेगळे इन्स्टन्स घेतले की ते वेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. मेमरी थोडी जास्त लागते एवढंच.

वीज आणि उकाडा विसरणे

आपल्याकडे पावसात वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसर वेग उतरवतो आणि नेमकी तेव्हाच तडतड सुरू होते. लोक दोष प्लगइनला देतात. माइकमध्ये आवाज येऊ नये म्हणून आपण एसी आणि पंखा बंद करतो, त्या दमट बंद खोलीत अर्ध्या तासात लॅपटॉप तापतो आणि परिणाम तोच. लॅपटॉप स्टँडवर ठेवा, पॉवर मोड हाय परफॉर्मन्सवर ठेवा, दोन टेकच्या मध्ये पंखा लावा.

२०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच मशीनमध्ये वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. ॲपलच्या एम१ मध्येही २०२० पासून चार-चार आहेत. त्यामुळे 'आठ कोअर' वाचून आठही सारखेच धरू नका.

एवढं करूनही रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच ट्रॅक वाजवताना तडतड येत असेल, तर कोअरचा प्रश्नच नाही. विंडोजवर लेटन्सीमॉन (ड्रायव्हरमुळे होणारा उशीर मोजणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालू ठेवा, मग वाय-फाय बंद करून पुन्हा दहा मिनिटं. दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवलेत की ड्रायव्हर त्रास देतोय का ते तिथेच दिसेल.