पेटवरून मेंदूचे जाळे अभ्यासताना

पेट स्कॅनवरून मेंदूचे जाळे, म्हणजे कोणते भाग एकमेकांशी जोडलेले आहेत ते, अभ्यासू पाहणाऱ्या नव्या संशोधकांसाठी हे लिहिते आहे. एफडीजी-पेट, म्हणजे एफडीजी हे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेत देऊन मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणारे स्कॅन, कसे चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून, जी गाठ सोडवायला मला सर्वाधिक काळ लागला, तिच्याकडेच थेट वळते.

रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे काम टिपणाऱ्या एफएमआरआयमध्ये एकाच व्यक्तीची दर एक-दोन सेकंदांनी एक अशी शेकडो चित्रे मिळतात, त्यामुळे दोन भागांतील चढउतार एकत्र होतात का, हे त्या व्यक्तीपुरते तपासता येते. नेहमीच्या एफडीजी-पेटमध्ये व्यक्तीमागे एकच चित्र हाती येते, म्हणून सहसंबंध, म्हणजे दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का याचे माप, काढायचा तो व्यक्ती-व्यक्तींमध्ये. ज्यांच्या एका भागात ग्लुकोजचा वापर अधिक, त्यांच्या दुसऱ्या भागातही तो अधिक आहे का, एवढेच ते जाळे सांगते. ते गटाचे जाळे असते. त्यावरून एका रुग्णाविषयी निष्कर्ष काढू नका. गटात तिशीतली आणि सत्तरीतली माणसे एकत्र असतील, तर वयानुसार दोन्ही भागांतील वापर घटतो आणि जोडणी नसतानाही ती दिसते. प्रत्येक भागाला संपूर्ण मेंदूच्या सरासरीने भागले, तर एक वाढताच दुसरा घटल्यासारखा भासून उणे सहसंबंध उगवतात. मेंदूचे ९० भाग घेतले की ४००५ जोड्या होतात. त्यांत एकही खरा संबंध नसला, तरी शंभरात पाच चुकीचे होकार चालवून घेणाऱ्या ५ टक्क्यांच्या निकषावर सुमारे २०० जोड्या निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतात.

बटण दाबताच रंगीत तक्ता देणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. आधी प्रत्येक स्कॅन स्वतः पाहा, आणि इंजेक्शननंतरच्या अर्ध्या तासात रुग्ण मंद उजेडाच्या खोलीत शांत पडून होता की नातेवाइकांशी बोलत होता, डोळे उघडे होते की मिटलेले, रक्तातील साखर किती होती, हे तंत्रज्ञांना विचारून नोंदवा. दृष्टीशी आणि श्रवणाशी निगडित भागांतील फरक पुष्कळदा तिथूनच येतो. माझ्या मते नामांकित मार्गदर्शकापेक्षा शेजारी बसून स्कॅन पाहणारा मार्गदर्शक शोधावा, आणि पुण्यातील गणेशखिंडीच्या विद्यापीठातील संख्याशास्त्राचा एखादा विद्यार्थी मित्र करावा.

यामुळे धीर सोडू नका. ही पद्धत कच्ची नाही. हॉरविट्झ, डुआरा आणि रॅपोपोर्ट या संशोधकांनी १९८४ मध्येच निरोगी पुरुषांवर असे सहसंबंध मांडले होते. एफडीजी हळूहळू शिरेत सोडत राहून एकाच व्यक्तीतील बदल टिपण्याचा मार्गही आता खुला आहे; मात्र गटाचे गणित पक्के झाल्याशिवाय तिकडे वळू नका, कारण त्यातील संकेत फार क्षीण असतो.