पावसात रिकामी पिकअप कांदाचाळीपर्यंत कशी न्यायची

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे तो साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला जातो मार्च-एप्रिलात आणि बाहेर निघतो भर पावसाळ्यात. म्हणजे निफाड, येवला, चांदवडच्या काळ्या रानात गाडी आत घालायची वेळ नेमकी जून ते सप्टेंबरची. भरलेली पिकअप रुतली तर कुणाला नवल वाटत नाही. पण रिकामी गाडीच बांधावर नाचायला लागली की टायरला शिव्या बसतात. टायरचा दोष असतोही, पण पहिला दोष वजनाचा.

इंजिन पुढे, केबिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी आपल्याकडच्या बहुतेक पिकअपची रचना. हौदा रिकामा असला की ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच भार नसतो. त्यात मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टन-दीड टन पेलायला घडवलेले. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याला चाक उडतं, आणि उडालेलं चाक पकड घेत नाही.

म्हणून पावसाळ्यात हौद्यात वाळूच्या 4-5 गोण्या कायमच्या ठेवा. सिमेंटच्या गोणीत भरलेली वाळू साधारण 50 किलो होते, म्हणजे एकूण 200 ते 250 किलो. गोण्या ठेवायच्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित केबिनच्या बाजूला. हौद्याच्या मागच्या फाळक्याजवळ ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच सरकते. गोण्यांची तोंडं सुतळीने शिवा आणि दोर टाकून हौद्याच्या कड्यांना आवळून बांधा. जोरात ब्रेक लागला तर सुटी गोणी केबिनवर येऊन आदळते. मोकळी वाळू टाकू नका, दोन पावसांत निम्मी वाहून जाते. माल भरताना गोण्या चाळीवर उतरवल्या तर उत्तम. गाडीतच ठेवल्या तर त्यांचं वजन क्षमतेत धरा, आणि बाजार समितीच्या भुईकाट्यावर भरलेल्या व रिकाम्या दोन्ही वजनांत त्या सारख्याच असू द्या. नाहीतर लिलाव राहतो बाजूला आणि वाद काट्यावरच सुरू होतो.

आता टायर. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. चिखलासाठी तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो. नवी जोडी घ्यायची तर मागे टाका, आणि दोन्ही सारख्याच झिजीच्या ठेवा. मागे आडव्या खोल गठ्ठ्यांची नक्षी लागते. लांब रेघांची नक्षी पुढे ठीक, मागे ती चिकट मातीत लगेच भरते. काळी माती भिजली की फुगते आणि चिकटते. नक्षीच्या फटी बुजल्या की नवा टायरही गुळगुळीत होतो, म्हणून रानात शिरण्यापूर्वी आणि निघताना पहारीच्या टोकाने फटी मोकळ्या करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

हवेचं गणित वेगळं. भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरात जी हवा असते, ती रिकाम्या गाडीला जास्त होते. टायर ताठ राहतो आणि जमिनीला मधल्या पट्ट्यावरच टेकतो. दाराच्या चौकटीवरच्या किंवा पुस्तिकेतल्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर या. फक्त चिखलाच्या पट्ट्यासाठी त्यातून आणखी पाचवा हिस्सा कमी केलेला चालतो: 40 असेल तर 32. मात्र तेवढंच अंतर, रिकाम्या गाडीने आणि अगदी हळू. डांबरावर येण्याआधी आणि माल भरण्याआधी हवा परत भरायचीच. 12 व्होल्टचा छोटा पंप गाडीत नसेल तर हा उपाय विसरा. कमी हवेवर 15 क्विंटल कांदा लादला तर टायरच्या बाजू तापून फुटतात.

रानात शिरण्यापूर्वी खाली उतरून पाणंद चालत जा. बूट घोट्यापर्यंत रुतत असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि चाळीपासून ट्रॅक्टर मागवा. माती मुठीत दाबून लाडू होत असेल पण हाताला चिकटत नसेल, म्हणजे वाफशावर असेल, तर निघा. ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांत चाक घालू नका: त्यांच्या मधला उंचवटा पिकअपच्या हाऊसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या फुगीर लोखंडी डब्याला, लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच लयीत, मध्ये गिअर न बदलता पट्टा पार करायचा. पहिल्या गिअरचा जोर चाकाला जागेवर फिरवतो. हाफ क्लचवर रेटत राहिलात तर क्लच प्लेटचा जळका वास येईल, गाडी मात्र तसूभर हलणार नाही.

आणि फसलीच तर? चाक दोन फेरे जागेवर फिरलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. सगळं नुकसान त्यानंतरच्या हट्टात होतं. चाक स्वतःचा खड्डा खणतं, हाऊसिंग मातीवर बसतं आणि मग ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये घसरणारं चाक गरागरा फिरतं आणि पकड असलेलं दुसरं उभं राहतं. तुमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल तर तो दोन-तीन खटके ओढा आणि अलगद क्लच सोडा. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळाला की जोर दुसऱ्याकडे जातो. बाहेर पडताच हँडब्रेक सोडा.

एवढ्याने भागलं नाही तर फावड्याने चाकाच्या पुढची माती उतार करून काढा आणि फुटलेल्या गोणीतली वाळू, मुरूम किंवा विटांचे तुकडे तिथे कोंबा. वर बारदान अंथरा, एक टोक चाकाखाली दाबून. नुसतं समोर ठेवलेलं बारदान चाक मागे भिरकावतं. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवी, नाहीतर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. रिमच्या भोकांतून टायरला दोर गुंडाळायची युक्तीही चालते, बर्फाळ रस्त्यांवर बांधतात त्या साखळ्यांसारखी. ती मागच्याच चाकांना, चार-पाच फुटांपुरती. दोर ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना, हे आधी बघा.

ट्रॅक्टरने ओढताना दोर चेसिसच्या हुकला बांधा, बंपरला कधीच नाही. मध्यावर ओलं बारदान टाका म्हणजे दोर तुटला तर फटकारा कमी बसतो, आणि दोराच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. भरलेली गाडी फसली असेल तर आधी निम्मा माल उतरवा. कंटाळवाणं आहे, पण हुक उपटण्यापेक्षा स्वस्त.

नाशिक-पेठ रस्त्यावरचा सावळ घाट किंवा कसारा घाट ओल्या डांबरावर उतरताना रिकामी पिकअप वेगळीच फसवते. चौथ्यावरून एकदम दुसरा टाकून क्लच सोडला तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या हलक्या चाकांवर बसतो आणि शेपूट फिरते. वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, एकेक गिअर खाली या. शेपूट सुटलीच तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि शेपूट ज्या बाजूला चाललीय त्याच बाजूला स्टेअरिंग हलकं वळवा. जादा पाटे टाकलेल्या गाड्यांत एक खोट असते. मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर ताठ पाट्यांमुळे भरलेली गाडीही त्याला रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे बदलले की मेकॅनिककडून त्याची दांडी जुळवून घ्या.

शेतातून निघाल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल धुऊन काढा, तो तसाच सुकला तर वेगात गाडी थरथरते. पाण्यातून आला असाल तर पहिला अर्धा किलोमीटर ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवा. हाऊसिंग पाण्यात बुडलं असेल तर त्याचं ऑइल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते तसंच चालवू नका.