होडीचं मशीन धरत नाहीये? खोलायच्या आधी या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. दोन महिने शाकारून ठेवलेली होडी पाण्यात उतरवायची, सेल्फ मारायचा, आणि मशीन ढिम्म. मग जेटीवर चौघे जमतात. एक म्हणतो डिझेल फवारणारे नोझल गेले, दुसरा म्हणतो पंप, तिसरा तर थेट बोअरवर, म्हणजे सिलिंडरवर येतो. संध्याकाळपर्यंत अर्धं मशीन फळीवर मांडलेलं असतं आणि खरा दोष, म्हणजे फिल्टरच्या तळाशी साठलेलं कपभर पाणी, जिथल्या तिथे.

डिझेल मशीन सुरू व्हायला ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, त्याला डिझेल पोचलं पाहिजे आणि हवा नीट दाबली गेली पाहिजे. पेट्रोलच्या आऊटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेल्या मशीनला, शिवाय ठिणगी हवी. यातलं नेमकं काय कमी आहे हे ठरवायच्या आधी पाना उचलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दुसरी तिची जुळी बहीण: एकाच वेळी चार गोष्टी बदलणं. मशीन सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही गोष्टींचा खर्च.

नुसती बॅटरी बदलू नका

सेल्फ टकटक करतो किंवा मशीन जडपणे अर्धा फेरा घेऊन थांबतं, की लोक दुकानातून नवी बॅटरी आणतात. आधी मीटर लावा. रात्रभर स्वस्थ ठेवलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. आता मीटरची एक तार बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वीज वाटेतच खर्च होतेय. वायरीच्या टोकाचं लग उघडलंत तर आत हिरवट पूड दिसेल. खाऱ्या हवेत तांब्याचं हेच होतं. मायनसच्या वायरीलाही हीच चाचणी लावा, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, मगच वर ग्रीस किंवा व्हॅसलिन.

मशीन जोमाने फिरतंय पण धरत नाही, तर पहिली नजर मशीन बंद करायच्या स्टॉपच्या दांडीकडे. दोन महिन्यांत स्टॉपची केबल गंजून ओढलेल्या जागीच अडकते आणि डिझेल बंदच राहतं. तपासायला अर्धा मिनिट लागतो, तरी ते सगळ्यात शेवटी आठवतं.

सेल्फ मारत सुटू नका

दहा सेकंद सेल्फ, मग निदान मिनिटभर थांबा. नाहीतर सेल्फचं वाइंडिंग जळतं. ज्या मशीनच्या एग्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं तिथे धोका आणखी मोठा. मशीन पेटत नसतं, पण पंप पाणी ओढतच असतो. ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, म्हणून सायलेन्सर भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बराच वेळ सेल्फ मारायचा असेल तर पाण्याचा कॉक बंद ठेवा आणि मशीनने धरलं रे धरलं की लगेच उघडा. उघडायला विसरलात तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर गेला, तेव्हा चावी मारणाऱ्यानेच कॉकची आठवण ठेवावी, दुसऱ्यावर सोपवू नये.

सेल्फ मारताना एग्झॉस्टकडे बघा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन (हवा दाबली जाणं), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा डिझेलमधलं पाणी यांचा विचार करा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं मशीन संशयातून सुटतं.

पाणी न काढता हवा काढू नका

धूर नसेल तर वॉटर सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या, तळाचा स्क्रू सोडून पहिला कपभर माल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी खाली बसतं, डिझेल वर. दोहोंच्या मध्ये काळपट, शेवाळी साय दिसली तर ते सूक्ष्मजीव आहेत. ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवरच वाढतात आणि फिल्टर गच्च करतात. अशा वेळी फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते. हे पाणी बहुतेकदा अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी दमटपणामुळे साचलेलं असतं, किंवा टाकीच्या झाकणाचं रबर कुजलेलं असतं.

मग डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा. क्रम टाकीकडून नोझलकडे, उलटा कधीच नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) दांडी हाताने मारा. आधी पांढरट फेस येतो, मग फेस आणि डिझेल एकमेकांत, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दांडी नुसती लुळी हलत असेल तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम नेमका टोकावर थांबलेला असतो. मशीन हाताने एक फेरा फिरवा, दांडीला जोर येतो. त्यानंतर नोझलला डिझेल दाबून देणाऱ्या मोठ्या पंपाचा स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ. तिथून डिझेल उडायला लागलं की आवळायचं.

इथे हात लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण डिझेल आत पसरतं. असं झालं तर सरळ हॉस्पिटल, घरगुती उपाय नाहीत. आणि कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) नव्या मशीनचे नोझल पाइप सैल करूच नका, तिथे कंपनीने सांगितलेलीच पद्धत.

हवा काढूनही पुन्हा धरते? मग टाकी ते फीड पंप एवढाच भाग तपासा. तिथली गळती ओली दिसत नाही, कारण डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. एकदा दाबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा वापरलेला असतो, नाहीतर जुन्या फिल्टरची रबर रिंग वर चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते.

पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरणं किंवा स्टार्ट स्प्रे मारणं हा उपाय नव्हे. ग्लो प्लग (थंड मशीन आतून तापवणारा प्लग) असलेल्या मशीनमध्ये स्प्रे वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फोडतो. शिवाय मूळ रोग तसाच राहतो, फक्त तो आता खाडीच्या मुखाशी डोकं वर काढणार.

आऊटबोर्डची दोरी ओढण्याआधी

मशीन झटक्यात बंद करणाऱ्या लाल किल स्विचची क्लिप जागेवर आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना. हा स्क्रू बंद राहिला की मशीन थोडा वेळ छान चालतं आणि मग मरतं, आणि पेट्रोलच्या पाइपातला रबरी बल्ब चपटा झालेला असतो. बल्ब दाबूनही कडक होत नसेल तर जोडातून हवा येतेय किंवा बल्ब उलटा बसवलाय. त्यावरचा बाण मशीनकडे हवा.

मे महिन्यातलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नका. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल वाढली की पाण्यासकट तळाला बसतं. मशीन नेमकं तळाचंच ओढतं. बंदीला जाताना टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करायची. टू-स्ट्रोकला 50:1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, जास्त घातल्याने मशीन सुखी होत नाही, प्लग काळा होतो. रॉकेलवरचं मशीन बंद करण्याआधी पेट्रोलवर घ्या. नाहीतर सकाळी थंड रॉकेलवर दोरी ओढत बसाल.

न्यूट्रलला छान चालतं पण गिअर टाकला की बंद? मशीनला हात लावू नका, पंखा बघा. जाळ्याचा तुकडा किंवा दोर गुंडाळलेला असेल. आणि पंख्याला हात घालण्याआधी मशीन बंद, किल क्लिप खिशात.

समुद्रात बंद पडलं तर

आधी नांगर, मग मशीन. वारा आणि प्रवाह होडी खडपावर नेत असताना फिल्टर उघडून बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पाणी आत येत असेल किंवा नांगर धरत नसेल तर व्हीएचएफ वायरलेसवर चॅनल 16, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554. हा फोन उशिरा करण्यात काही शौर्य नाही.

होडी उलटून आऊटबोर्ड खाऱ्या पाण्यात बुडालं, तर बाहेर काढल्यावर ते उन्हात वाळत ठेवू नका. गंज हवा लागल्यावर धावतो. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून तोंड खाली करा, दोरी हळू ओढून पाणी बाहेर काढा. वाळू लागल्यासारखी खरखर जाणवली तर तिथेच थांबा. नसेल तर सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, फोर-स्ट्रोक असेल तर तळाचं ऑइल बदला, कार्ब्युरेटर धुवा आणि त्याच दिवशी सुरू करा. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार असेल तर तोवर पिंपभर गोड्या पाण्यात ते बुडवून ठेवलेलं बरं.